राहू-केतूचा उलटा काटा

मित्रांनो, मी एक जुना पितळी काटा आहे. घड्याळातला नाही हं! तासकाटा दिवसातून दोनदा गोल फिरून मिरवतो. मला एका फेरीला साडेअठरा वर्षं लागतात आणि तीही मी उलटी मारतो. आहे की नाही ऐट?

मला घडवलं एका घड्याळजीने, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ताई पाश्चात्त्य पद्धतीचं ज्योतिष सांगतात. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक लाकडी चकती. चकतीवर बारा राशी रंगवल्या आहेत आणि मधोमध मी. बाजूची मूठ फिरवून छोट्या खिडकीत जन्माचा महिना आणि साल आणलं, की आतली दातेरी चाकं कुरकुरतात आणि मी बरोबर जागेवर जाऊन थांबतो.

माझं टोकदार टोक म्हणजे राहू आणि गोल टोक म्हणजे केतू. लगेच दचकू नका! खरं तर ते ग्रहच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते हे दोन बिंदू. नेहमी अगदी समोरासमोर, म्हणून एकाच काट्यावर भागतं. ताई म्हणतात, "केतू म्हणजे तुम्हाला आधीपासून येतं ते. सवयीचं, सोपं, उशीसारखं मऊ. राहू म्हणजे जिकडे जायला पाय लटपटतात ते. जायचं मात्र तिकडेच."

आता असलं ऐकायला कोणाला आवडणार? लोक खुशीत जिना चढायचे आणि तोंड पाडून उतरायचे. कोपऱ्यावरचा न्हावी फार बोलतो म्हणजे बोलतोच. त्याला ताईंनी सांगितलं, "तुमचा राहू ऐकण्यात आहे." तर तो पाऊण तास बोलून, आपण किती छान ऐकतो हे पटवून गेला. तरी ताई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. तो माझा मानाचा काळ.

मग गिऱ्हाइकं आटली. फडकंही आटलं. माझ्यावर इतकी धूळ साचली, की वृश्चिक राशीवर कोळ्याने संसार थाटला. एका सोमवारी तर मूठ फिरवताना मी असा किंचाळलो, की ताईंनी जिन्यातूनच हाक मारली, "अरे, वर ये! तुझा काटा रडतोय!"

घड्याळजी आला. त्याने मला काढलं, चिंचेएवढ्या ब्रशने घासलं, तेल दिलं. काय सुख ते! आणि इथेच घात झाला. माझं भोक लांबट चौकोनी आहे. मी दोन्ही बाजूंनी बसतो, सुलट आणि उलट. तेव्हा माझं टोक खाली होतं. पण घड्याळाचा काटा काढला, की परत बसवताना तो बारावर ठेवायचा ही त्याच्या हाताला तीस वर्षांची सवय! त्याने शीळ घालत मला टोक वर करून बसवलं आणि स्क्रू पिळला. राहूच्या जागी केतू, केतूच्या जागी राहू. मी ओरडणार कसा? आता तर कुरकुरही गेली होती!

आणि गंमत ऐका. धंदा धो धो चालायला लागला! न्हाव्याला कळलं, की त्याने आणखी बोलावं. भांडखोर वकिलाला कळलं, की त्याने जरा जास्त भांडावं. दिवसभर लोळणाऱ्या एका जावयाला कळलं, की विश्रांती हेच त्याचं जीवनध्येय. तो सासूलाच घेऊन आला. "पुन्हा सांगा, ताई. यांच्यासमोर सांगा."

जिन्यावर रांग लागली. ताई खूश, घड्याळजी खूश. मी एकटाच पितळेचा असून काळवंडत होतो.

गुरुवारी बेकरीतल्या बाई आल्या. त्यांना सगळे विचारूबाई म्हणतात, कारण त्या पाव किती भाजायचा हेसुद्धा टपालवाल्याला विचारतात. वय सदतीस. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या बेकरीत पहाटे उठून पीठ मळलेलं.

"मालक थकलेत," त्या म्हणाल्या. "म्हणतात, बेकरी तूच घे, पैसे हळूहळू दे. शनिवारी बाराच्या आत सांगायचंय. नाहीतर तिथे मोबाइलचं दुकान येणार. मी बावीस जणांना विचारलं."

"मग?"

"अकरा हो, अकरा नाही."

ताईंनी मूठ फिरवली. विचारूबाईंचा राहू खरा मेषेत. म्हणजे स्वतः पुढे हो, स्वतः ठरव. पण मी आपला खुळ्यासारखा तुळेकडे टोक करून उभा!

"तूळ," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यांना धरून राहा. कुणाच्या तरी हाताखालीच तुमचं भलं आहे."

"हुश्श!" विचारूबाई म्हणाल्या आणि हसत हसत जिन्याकडे वळल्या. मित्रांनो, मला इतकी लाज वाटली, की वितळून नट-बोल्ट झालो असतो तर बरं झालं असतं!

शनिवारी सकाळी घड्याळजी चहा घेऊन वर आला. ताईंनी सहज त्याचं साल लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझा राहू मीनेत ना रे? हातावर कमी, मनावर जास्त भरवसा ठेव, असं मी तुला लहानपणापासून सांगतेय. हा कन्येत काय करतोय?"

"मी तर बारावरच बसवला होता."

"बारावर? हे काय घड्याळ आहे, गाढवा?"

मग ताईंना विचारूबाई आठवल्या. अकरा चाळीस! त्यांनी स्क्रू फिरवून मला खसकन उपटलं, मुठीत धरलं आणि एका पायात चप्पल, एका पायात सपात अशा त्या धावत सुटल्या.

"बाई! नाही म्हणू नका! हा उलटा बसला होता!" बेकरीच्या दारात त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुमचा राहू मेषेत आहे! घ्या बेकरी!"

विचारूबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"नऊ वाजताच घेतली," त्या म्हणाल्या.

"अं? पण मी तर..."

"तुम्ही मला हवं तेच सांगितलंत. इतकं हलकं वाटलं! आणि तिसऱ्या पायरीवर रडू फुटलं. म्हटलं, मनासारखं ऐकलं, मग मी रडतेय कशाला? त्यानंतर कोणाला विचारलंच नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले, तर गालभर पीठ. "आता पाटी रंगवायचीय. निळी बरी की पिवळी? तुम्हाला काय वाटतं?... नको! सांगू नका, सांगू नका!"

ताई बेकरीतल्याच एका खुर्चीत बसून इतक्या हसल्या, की मी मुठीतून निसटून पावाच्या टोपलीत पडलो.

नंतर ताईंनी सगळ्यांना परत बोलावलं. न्हावी म्हणाला, "मधलंच बरं होतं." जावई तर आलाच नाही, सासू तेवढी आली. रांग संपली. पण पुन्हा उलटा बसू नये म्हणून माझ्या भोकाशी आता एक लाल ठिपका आहे आणि फडकं पुन्हा रोज फिरतं.

बेकरीची पाटी जांभळी आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं काहीही उघडलंत, तर आधी ते कसं बसलं होतं ते बघा. हात सवयीने चालतो, त्याच्यावर सोडू नका. आम्हाला वेळेवर तेल द्या, धूळ पुसा. आणि कोणी तुम्हाला अगदी तुमच्या मनासारखं सांगायला लागलं, तर लगेच खूश होऊ नका. आधी त्याचा स्क्रू तपासा.