साडेसहा किलो

लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात माझी चाळीस वर्षं गेली. चष्म्याचं दुकान विकलं आणि त्याच महिन्यात बायको गेली. आता तिच्या आवडत्या तळ्यावर एकदा जाऊन यायचं आणि तिच्यासाठी एक फोटो काढायचा, एवढंच मनात होतं. तळं डोंगरात, तीन दिवसांच्या चालीवर. डॉक्टर म्हणाले, जा, पण हे गुडघे बघता कॅमेऱ्याचं सामान तीन किलोच्या वर नको.

माझं सामान हलकंच असतं, असं मी लेकीला ऐटीत सांगितलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायला लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॅमेरा आणि रोजची लेन्स मिळून दोन किलो भरली. मग लेकीने कपाटाकडे बघत विचारलं, ती लांबलचक लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या, हे सगळं कोण नेणार?

"ते तुझी आई घ्यायची," मी म्हणालो.

तिने एकेक वस्तू काट्यावर ठेवली. साडेसहा किलो. कपडे, खाणंपिणं वेगळंच. बायकोच्या पाठीवरची ती बॅग मी कधी उचलूनच पाहिली नव्हती. ती मागे पडली की मी वळून ओरडायचो, उजेड चाललाय, पाय उचल. ती म्हणायची, आला हो तुमचा हमाल. यावर मी चक्क हसायचो. पुढे तिची पाठ धरली, तेव्हा मोठ्या शहाणपणाने मी तिचं शिवणयंत्र माळ्यावर टाकलं.

"बाबा, आईची पाठ शिवणामुळे नव्हती दुखत," लेक म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणायची. सांगितलं तर मला घरी ठेवून एकटेच जातील, म्हणायची."



दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक चपटा कॅमेरा हातावर ठेवला, लेन्ससकट सहाशे ग्रॅम. मी डोळ्याला लावला, सवयीने खोट शोधली. एकही सापडली नाही. असे हलके कॅमेरे कधीपासून मिळतात, मी विचारलं.

"अकरा वर्षं तरी झाली, काका."

त्या अकरा वर्षांत आम्ही तळ्यावर सात वेळा गेलो होतो.