साडूची मान

लाँड्रीच्या मालकाचं मत ठाम होतं: कुस्ती, बॉक्सिंग सगळं एकत्र चालणारं एमएमए खेळावं ते जुन्या चॅम्पियनांनीच. वजनी गटाची भानगड नाही, समोर येईल त्याला लोळवायचं!

कपडे न्यायला आलेला त्याचा साडू हसला. "साडूभाऊ, आजचं कुठलंही पोर तुमच्या त्या म्हाताऱ्यांची मिनिटात घडी घालेल."

मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आधी इस्त्री बंद केली, मग जुन्या पद्धतीने साडूची मान काखेत आवळली. साडूने नव्या पद्धतीने त्याचा पाय पिरगाळला. हरणाऱ्याने हाताने थापटायचं आणि सुटायचं, हा खेळाचा नियम. पण अख्ख्या पिढीची अब्रू पणाला लागलेली, थापटणार कोण? गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून कपडे नेऊ लागली. "निळा शर्ट वरच्या फळीवर," मालक जमिनीवरूनच सांगत होता.

दुपारी मालकाची बायको डबा घेऊन आली आणि वैतागून तिने टेबलावर तीनदा थापटलं. दोघांनी झटकन पकड सोडली. "हरली! मी जिंकलो!" दोघंही ओरडले.

"बरं, हरले. आता जो जिंकला त्याने वाढायचं आणि भांडीही घासायची."

मालक वळून बघतो तर साडू जमिनीवर थपाथप थापटत होता.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "जुन्यांची सर कुणाला नाही."