नाकोबांच्या वाटची चव

परदेशातून वाइन मागवणाऱ्या एका कंपनीत नाकोबांनी सारा जन्म काढला. नवा माल आला की पहिला घोट त्यांचा. तो तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि माल बाजारात जाऊ द्यायचा की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं. एरवी गोदामात सगळे त्यांना नाकोबाच म्हणत.

घराच्या खालीच त्यांच्या बायकोचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत. लग्न ठरताना नाकोबांनी एकच अट घातली होती, घरात अत्तर नको. अत्तराचा वास कपड्यांना लागून कामावर गेला की नाकाचा बोजवारा उडतो, असं त्यांनी फार गंभीरपणे समजावलं होतं. मावशींना हसू आलं, पण हौसेनं जमवलेल्या बाटल्या त्यांनी बहिणीला देऊन टाकल्या आणि पुढे कधी वासाचा साबणसुद्धा आणला नाही. नाकोबांच्या वाइनला मात्र मावशींनी कधी तोंड लावलं नाही. नाकोबा दर वर्षी आग्रह करत, एकदा चाखून तर बघ. तुमचं तुम्हाला लखलाभ, म्हणून मावशी मशीनवर बसत.

निवृत्तीनंतर नाकोबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार झाले, आणि अखेर डॉक्टरांनी हात टेकले. त्यांना घरी आणलं. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जायचं. पाण्याचा घोटसुद्धा फुप्फुसात उतरायची भीती, म्हणून तोंडानं काहीच द्यायचं नव्हतं. आवाजही इतका बारीक झाला होता की कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागे.

रोज येणाऱ्या नर्सनं एक दिवस मावशींना बाजूला घेतलं. टोकाला स्पंज असलेली काडी दाखवून ती म्हणाली, की आता पथ्य कसलं पाळायचं? या काडीनं त्यांची जीभ ओली करत जा. चहा, सरबत, त्यांना आवडेल ते.

मावशींनी विचारलं तेव्हा नाकोबांनी जरासुद्धा विचार केला नाही.

"ऑस्ट्रेलियाची शिराझ," ते म्हणाले. "जड असते ती."

मावशींना वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या सरळ गोदामात गेल्या. नाकोबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आता तिथला मुख्य होता. त्यानं काही न विचारता आतून एक बाटली आणली, उंच दांड्याचा ग्लास कागदात गुंडाळून दिला, आणि तासभर आधी उघडून ठेवा म्हणून सांगितलं. घरी येऊन भेटा ना, असं मावशी म्हणाल्या. त्यानं मान हलवली, पण त्याच्यानं येववणार नाही हे त्यांना दिसलं.

दुपारी मावशींनी ग्लास भरला. नाकोबांनी खुणेनं तो पांढऱ्या उशीसमोर धरायला लावला. वाइन इतकी गडद होती की पलीकडची उशी दिसेना. बऱ्याच दिवसांनी त्यांचे डोळे कामावरच्यासारखे झाले. मावशींनी काडी बुडवली, नीट निथळली आणि त्यांच्या जिभेवर टेकवली.

नाकोबांनी डोळे मिटले. मावशी वाट पाहत राहिल्या. त्यांनी पुन्हा काडी बुडवली, पुन्हा टेकवली.

"काही नाही," नाकोबा म्हणाले. "पाणी आहे नुसतं."

मावशींनी ग्लास त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी ओढता येईल तेवढा श्वास ओढला आणि मान भिंतीकडे वळवली. घरी आणल्यापासून ते एकदाही रडले नव्हते. आता उशी ओली झाली.

ग्लास घेऊन मावशी उठणार, तोच नाकोबांनी त्यांचं मनगट धरलं.

"तू घे. मला सांग."

मावशींनी डोळे घट्ट मिटून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे हो."

नाकोबांनी बोट हलवलं. गिळू नकोस, तोंडात धर. मावशींनी दुसरा घोट धरून ठेवला, गाल फुगवून, लहान मुलगी चूळ भरते तशी.

"जांभळं," त्या हळूहळू म्हणाल्या. "जांभळांचा मुरंबा, तळाला जरासा लागलेला. मग मिरी. घशात जाते." त्या थांबल्या. "आणि जीभ कोरडी पडते. दोरा ओवायच्या आधी तोंडात धरला की पडते ना, तशी."

नाकोबा त्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

"हेच," ते म्हणाले. "अगदी हेच. आता वास सांग."

मावशींनी ग्लासात नाक घातलं. लोकरीच्या कोटावर गरम इस्त्री ठेवली की येतो तो वास, त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाही, त्याच्यामागे आणखी काहीतरी गोड आहे. नाकोबा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

त्यानंतर रोज दुपारी हाच कार्यक्रम. मावशी दुकान बंद करून वर येत, त्यांची जीभ ओली करत आणि स्वतः एक घोट घेऊन त्यांना सांगत. उघडलेली वाइन उतरत जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती आंबट झाली तेव्हा त्या घाबरल्या, आणि कालच्यासारखीच आहे म्हणून सांगून मोकळ्या झाल्या.

"खोटं," नाकोबा म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या. "इतके दिवस कोणतीच टिकत नाही."

"मग काय सांगू?"

"आहे ते सांग."

"आंबट झालीय," मावशी म्हणाल्या. "गोडवा गेला. मिरी आहे अजून थोडी."

नाकोबांनी मान डोलावली आणि त्यांचा हात हातात घेतला. नवी बाटली आणू का, असं मावशींनी विचारलं. ते नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खाली एका गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्री करत होत्या. नर्सनं वरच्या खिडकीतून हाक मारली. हाकेतच त्या समजल्या. वर पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. चेहरा शांत होता. ओठांच्या भेगांमध्ये मात्र गडद जांभळा रंग मुरला होता. नर्स ओल्या कापसानं तो पुसायला लागली.

"राहू दे तो," मावशी म्हणाल्या.

नणंदेला, डॉक्टरला कळवायला हवं होतं. पण खाली इस्त्री चालूच राहिलीय हे मावशींना आठवलं. त्या जिना उतरल्या, बटण बंद केलं, आणि त्या गरम पँटवर डोकं टेकून रडू लागल्या.