मागच्या मांडीचा निकाल

शाहू महाराजांच्या राज्यात पैलवानाला न कळणारा विषय कोल्हापुरात नव्हता. त्यामुळे ओव्हरसियर बेंजामिन रोहेकरांचा धर्मही अखेर तालमीतच निकालात निघाला.

रोहेकर अलिबागेकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. घर मोठं. दर शुक्रवारी बकरं स्वतः कापायचे आणि मागच्या दोन्ही मांड्या शेजारच्या तालमीत पाठवायचे. त्यांवर कृष्णात पैलवान असा पोसला, की खासबागेच्या कुस्ती-मैदानात कागलच्या जोतीरामशी त्याची कुस्ती ठरली. जिंकणाऱ्याला दरबारातून जन्माचा खुराक बांधून मिळणार होता.

तालमीच्या केरबा वस्तादांना वर्षभर फुकट खाऊन झाल्यावर शंका आली, की हा माणूस स्वतः मांडी का खात नाही?

रोहेकरांनी सांगितलं. त्यांचा मूळपुरुष याकोब देवदूताशी रात्रभर झुंजला. पहाटे दूतानं नुसता हात लावून त्याचा खुबा निखळवला. याकोब लंगडत परतला. तेव्हापासून मांडीतली ती शीर वर्ज्य.

"निकाल काय लागला?" केरबांनी धर्माचा गाभा विचारला.

"याकोबानं सोडलं नाही. आशीर्वाद घेतला. नवीन नावही मिळालं."

"पर खुबा गेला न्हवं?"

त्याच दिवशी कृष्णातचं मटण बंद झालं. शिरेचा काय भरवसा? दूध, भाकरी आणि दोडका. येणाऱ्या मांड्या मात्र वाया घालवणं वस्तादांच्या तत्त्वात बसेना. त्या ते माणूस धाडून कागलला जोतीरामकडं पोचवू लागले, मानाची भेट म्हणून. खुबा निखळायचाच तर पावण्याचा निखळू दे.

पावण्यानं भेटीचा मान राखला. हाडंसुद्धा चघळली म्हणे.

खासबागेत जोतीरामनं कृष्णातला दोडक्यासारखा उचलला आणि टाकला. खुबा कृष्णातचा गेला.

केरबा जाब विचारायला रोहेकरांच्या दारात उभे. "सायेब, मांडी त्यानं खाल्ली आन् खुबा आमचा?"

"वस्ताद, मांस उत्तमच असतं. वर्ज्य फक्त शीर, तीही आम्हाला, आठवण म्हणून. ती सोडवायचं कसब मला नाही, म्हणून अख्खी मांडी देत होतो."

"मग हे आधी सांगायचं की."

"तुम्ही निकाल विचारलात."

दरबारचा खुराक कागलला गेला. कृष्णात याकोबासारखाच लंगडत पेठेत परतला, आणि नवीन नाव त्यालाही मिळालं. जन्मभर लोक त्याला दोडका पैलवान म्हणत राहिले.