मागच्या दाराशी बसलेली झोप

जुईची झोप रोज दिवेलागणीला मागच्या दाराशी येऊन बसायची. शेळीएवढी होती, राखाडी लोकरीची, आणि तिच्या अंगाला उन्हात वाळवलेल्या गोधडीचा वास यायचा. साखर कारखान्याच्या वसाहतीत सगळ्यांनीच तिला पाहिलं होतं. ती कुणाला त्रास देत नसे. दार उघडायची वाट बघायची, एवढंच.

आणि नेमकं त्याच वेळी जुईची आई शैला मागच्या दाराला कडी घालायची. तिन्हीसांजेला लक्ष्मी पुढच्या दाराने येते. मागचं उघडं राहिलं तर तिकडून निघून जाते, आणि घरात कुणी लोळत असेल तर उंबराही ओलांडत नाही. शैलाला हे तिच्या आईने सांगितलं होतं. एवढी घरोघर फिरणारी लक्ष्मी सहा वर्षांच्या पोरीच्या जांभईला कशी बिचकेल, हे त्या आईनेही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"आई, माझे हात मोठे झालेत," जुई म्हणायची.

"काही मोठे झाले नाहीत. शुभंकरोती म्हण."

"पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत."

पोर किरकिरी झालीय, असं म्हणत शैला तिच्या डोळ्यांना पाणी लावायची. शाळा, शिकवणी, नाचाचा वर्ग, सगळं जुईला दिलं होतं. दमणं म्हणजे काय, ते तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. जेवणं आटोपून कडी निघेपर्यंत झोप निघून गेलेली असायची. मग जुई उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहायची.

न झोपलेली झोप वाढत गेली. वासराएवढी झाली, मग म्हशीएवढी, मग म्हशीहून मोठी. एके दिवशी ती परत गेलीच नाही. मागच्या भिंतीला अंग टेकून बसली आणि भिंत आत सरकली. स्वयंपाकघरात शैलाला पोळ्या तिरकं उभं राहून लाटाव्या लागू लागल्या.

"पोरीची झोप आहे गं ती," शेजारच्या गोदूमावशी कुंपणावरून म्हणाल्या. "घे की आत."

"दिवेलागण सरू दे, मावशी."

"ती रोज सरते. पोरगी उरायला हवी."

शैलाला ते बोलणं लागलं, पण कडी तिने घातलीच. त्या संध्याकाळी जुई दिव्यापुढे हात जोडून बसली आणि म्हणता म्हणता थांबली.

"आई, मला माझं नाव आठवत नाही."

 शैलाने उठून कडी काढली. सगळं दार राखाडी लोकरीने भरून गेलं होतं. झोप आता आत मावत नव्हती.

"ही कुणाची?" जुईने विचारलं.

"तुझी. दमलीस तू, बाळा. हात मोठे वाटतात, पाय परके वाटतात, त्याला दमणं म्हणतात. तसं झालं की झोपायचं."

जुईने थोडा विचार केला. "मग आधी का नाही सांगितलंस?"

 जुईने लोकरीला डोकं टेकवलं, मग खांदा टेकवला, मग ती आत गेली आणि लोकर मिटली.

शैला तिथेच बसून राहिली. दिवा शांत झाला. पुढच्या दाराने कोणी आलं की नाही, हे तिने पाहिलं नाही. झोपेचं अंग संथपणे वरखाली होत होतं.

दुसऱ्या दिवशी झोप म्हशीएवढी झाली. मग वासराएवढी. साठलेली झोप संपत चालली होती. शाळेतून विचारायला बाई आल्या, तेव्हा शैला म्हणाली, "झोपलीय." बाई चपला हातात घेऊन परत गेल्या.

शेळीएवढी उरली तेव्हा मात्र शैलाला राहवेना. "मावशी, एवढ्याशात जुई मावेल का हो?"

"हळू बोल," गोदूमावशी म्हणाल्या.

पुन्हा दिवेलागण झाली. मागचं दार सताड उघडं होतं. मांजराएवढी झोप शैलाच्या मांडीवर होती, ऊबदार, आणि वजनाला सहा वर्षांच्या पोरीएवढी. शैलाने तिच्या पोटावर हात ठेवला.

आत कुणीतरी कूस बदलली.