दोन मिनिटं अडतीस

कापडे गावची दिशा आठशे मीटर दोन मिनिटं अडतीस सेकंदांत धावते, हे पोलादपूरच्या तिच्या शाळेत सगळ्यांना पाठ होतं. खेळाच्या किशोर सरांनीच ते सांगितलेलं. तालुक्याला ती पहिली आली, पण तिथं पुढं कोण एवढंच बघितलं, वेळ कुणी मोजली नाही. सर म्हणाले होते, "जिल्ह्याचं मेडल तुझ्याच गळ्यात, बघ."

म्हणून महाडच्या मैदानावर ती सहावी आली, तेव्हा तिला वाटलं, आज आपण नीट पळालोच नाही. मग माईकवरून वेळ सांगितली. दोन मिनिटं त्रेपन्न.

धापा टाकत ती तशीच टेबलाकडे गेली. "मॅडम, माझी वेळ चुकलीय. मी अडतीसला येते."

वेळ मोजणाऱ्या अनुपमा मॅडमनी दोन घड्याळं तिच्यापुढे सरकवली. दोन्हींवर त्रेपन्नच.

"अडतीस? अगं, आज पहिली आलेली मुलगीसुद्धा एक्केचाळीसला आली. तुला कुणी सांगितलं?"

मैदानाच्या कडेला किशोर सर बूट पिशवीत भरत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, मी कधी तरी अडतीसला आले होते का?"

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोल." मग आवाज उतरवून म्हणाले, "पंधरा सेकंद कमी करून सांगायचो. तुलाच नाही, सगळ्या मुलींना. खरं सांगितलं की मुली हिरमुसतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत. घरचे तर मुलींना घरात बसवायला टपलेलेच असतात. गोड बोललं की टिकता तुम्ही. टिकलीस ना?"

दोन वर्षं. शेवटच्या वळणावर छाती फुटायला आली की दिशा पाय जरा सैल सोडायची. अडतीस तर येतातच, मग जीव कशाला काढायचा! हे आठवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि मुलांना काय सांगता?"

"मुलांचं वेगळं. त्यांना वाढवून सांगायचं. टोचलं की पेटतात पोरं."

तिला आधी उमजलंच नाही. मग डोळ्यांपुढे हृतिक आला. तिचा चुलतभाऊ, दहावीतला. भातलावणी उरकल्यावर त्यानं धावणं सोडलं होतं.

"हृतिकची खरी वेळ किती होती, सर?"

"दोन दहा. जिल्ह्यात नंबर आला असता त्याचा. मी दोन वीस सांगायचो. पण दहावीमुळे त्यानं सोडलं."

"दहावीमुळे नाही. आपल्यात दमच नाही, म्हणून सोडलं. मला म्हणाला होता तो."

सरांचा हात पिशवीतच राहिला. दिशाला त्यांची दया आली नाही.

घरी पोचली तेव्हा हृतिक अंगणात पेंढा रचत होता. तिनं सांगितलं, तर तो हसला. "थट्टा करतेस काय गो?" मग त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला. "दोन दहा?" त्यानं तीनदा विचारलं. "आणि मी बाबांना मुंबईला फोन करून सांगितलं, आता बूट नको पाठवू. आपल्यात काय नाय म्हणून."

तो पुन्हा पेंढ्याकडे वळला.

सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर प्रत्येकाची खरी वेळ वाचली. मुलींतली निशा तर तिथंच रडली. सगळ्यांना वाटलं, ही आता यायची नाही. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. एकही मुलगी गळली नाही.

त्या रविवारी सर कापड्याला आले. हृतिक ओटीवर होता. तो उठला नाही.

"चुकलं माझं," सर म्हणाले. "दोन दहा हे खरं हाय, बाळा. उद्यापासून ये."

"आता सांगताय ते तरी खरं कशावरून, सर?"

दिशाच्या काकीनं पुढं केलेला चहा तसाच ठेवून सर उठले. हृतिक त्या वर्षी मैदानावर आला नाही. दिशा रोज जाते. आता शेवटच्या वळणावर ती पाय सोडत नाही. परवा ती सत्तेचाळीसला आली.