अर्धा अंश

बायको गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने माझ्या गुडघ्यासाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं होतं. दोन महिने झाले, मी ते ओतलं नाही.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होतो. मुलगी तोच विषय शिकवते. सुट्टीत आली तेव्हा पिशवी तिच्या नजरेला पडली.

"बाबा, वास मारतोय याला. ओतू?"

"हात लावू नकोस."

गप्प बसेल तर ती आईची लेक कसली! "अहो, ऊब कधीच गेली त्यातली."

"कुठे गेली?"

"गादीत, भिंतीत, हवेत, तुमच्या गुडघ्यात. अब्जावधी कणांत वाटली गेली. संपली नाही, पण आता वेगळी काढता येणार नाही."

"आपणहून परत येईल?"

"येऊच शकत नाही असं नाही. पण वाटणीचे इतके प्रकार आहेत की नेमका तोच प्रकार कुणाच्या हयातीत दिसायचा नाही."

"मग बघतो वाट. मला दुसरं काय काम आहे?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी तापमापी लावून खोलीचा आणि पिशवीतल्या पाण्याचा आकडा वहीत लिहू लागलो. तीन दिवस दोन्ही सारखेच. चौथ्या दिवशी खोली चोवीस, पाणी साडेचोवीस. मी मुलीला हाक मारली.

तिने वही पाहिली. हसली नाही. "पिशवी टेबलावरच होती ना?"

"आज मांडीवर. गुडघा ठणकत होता. पेपर वाचून होईपर्यंत."

तिने समजावायची गरज नव्हती. भांड्यावरचा हात काढा, नाहीतर स्वतःलाच मोजाल, असं मी एकतीस वर्षं पोरांवर ओरडत आलो होतो.

"म्हणजे ही माझीच ऊब."

"तुमचीच. पण लिटरभर पाणी आहे बाबा, अर्धा अंश काही थोडाथोडका नाही."

प्रयोगशाळेत चुकलेला आकडा आम्ही पुसत नसू. वाचता येईल अशी एक रेघ मारायचो. तशी मारली. मग पिशवीचं बूच काढून पाणी मोरीत ओतलं.

तिने किटली गॅसवर ठेवली. "मी भरते."

"मला येतं."

येत नव्हतं. पाणी उसळून हातावर आलं.

"आई आधी पिशवी पोटाशी दाबून हवा काढायची," ती म्हणाली.

इतकी वर्षं बायको माझ्यासाठी पिशवी भरत होती, मी कधी पाहिलंच नव्हतं. तसं केलं. बूच नीट बसलं. पिशवी गुडघ्यावर ठेवली. चटका बसत होता. मोजलं नाही.